नवीन बॅचला फ्रेम रिले शिकवायचं की सोडून द्यायचं?

उद्यमबाग_नेटवर्क
बेळगावात एका क्लासमध्ये मी शनिवार-रविवार नेटवर्किंग शिकवतो, पोरं काकती, खानापूर, निपाणी, पार संकेश्वरकडनं येतात. आता ठरलंय की या बॅचपासून वॅनच्या, म्हणजे गावोगावच्या शाखा जोडणाऱ्या नेटवर्कच्या, भागातनं फ्रेम रिले (शाखा जोडायची जुनी भाड्याची लाइन) काढायचं, कारण सिस्कोनं २०१६ लाच ते सीसीएनए या आपल्या परीक्षेतनं काढलंय. माझा याला विरोध आहे आणि मनापासून आहे.

आज कोण नवीन फ्रेम रिले लाइन घेत नाही, मान्य. पण ते का आलं हे बघा की. त्याच्या आधीचं, १९७६ चं एक्स.२५ प्रत्येक टप्प्यावर फ्रेम (डेटाचा एक तुकडा) तपासायचं, बिघडली असली तर तिथल्या तिथं परत मागवायचं, कारण तेव्हाच्या लायनींचा भरवसा नव्हता. पुढं लायनी डिजिटल झाल्या, फायबर आलं, चुका कमी झाल्या, मग मधल्या प्रत्येक स्विचनं एवढं राबायचं कशाला? फ्रेम रिलेनं ते ओझं टाकूनच दिलं. एफसीएस, म्हणजे फ्रेमच्या शेवटचा तपासणीचा आकडा, जुळला नाही तर फ्रेम फेकायची, कुणाला सांगायचंसुद्धा नाही, परत पाठवायचं काम दोन टोकांच्या कॉम्प्युटरांतल्या टीसीपीनं बघायचं. मधलं नेटवर्क हलकं ठेवायचं नि शहाणपण टोकाला ठेवायचं हे पोरांना एवढं स्वच्छ दुसरीकडं कुठं दिसणार सांगा.

टिळकवाडी_ते_पुणे
सर, राग मानू नका पण मी पुण्यात वॅन सपोर्टला आहे आणि एवढ्या वर्षांत एकाही ग्राहकाकडं फ्रेम रिले बघितलेलं नाही. इंटरव्ह्यूत विचारतात एमपीएलएस (लेबल बघून पॅकेट पुढं ढकलायची पद्धत), एसडी-वॅन, आयपीसेक, बीजीपी असली आजची तंत्रं. आपल्याकडची पोरं घरच्यांचे पैसे घालून क्लासला येतात, त्यांचे दोन शनिवार डीएलसीआय (जोडणीचा नंबर) नि एलएमआयच्या (राउटर-स्विचमधल्या हालहवाल कळवायच्या संदेशांच्या) तीन प्रकारांत घालवायचे हे मला पटत नाही. टीसीपी परत पाठवतो हे टीसीपीच्या धड्यातच येतं, त्यासाठी मेलेली लाइन कशाला उकरायची.

निपाणीकर_७०
मी सरांच्या बाजूनं. माझं कारण वेगळं आहे, सीआयआर.

फ्रेम रिलेत पोर्ट १२८ केबीपीएसचा असला तरी हमी समजा ६४ ची, तीच सीआयआर. त्याच्या वर पाठवलेल्या फ्रेमवर डीई बिट, म्हणजे 'गर्दीत आधी हीच टाका' अशी खूण, लागतो, नेटवर्क मोकळं असलं तर जाते, गर्दी झाली की आधी तीच टाकतात. आमच्या निपाणी-बेळगाव बसमध्ये रिझर्वेशनवाला बसून जाणारच, उभ्यानं येणाऱ्याला गाडी भरली की खाली ठेवतात, तसंच ते. आणि हमीसुद्धा सेकंदाची नसते, हिशेबाची खिडकी Tc म्हणजे Bc (एका खिडकीत हमीनं जाणारे बिट्स) भागिले सीआयआर. ८००० बिट्सचा Bc आणि ६४ केबीपीएस धरलं तर १२५ मिलिसेकंदाची खिडकी निघते, तेवढ्यात किती पाठवलं यावर सगळा हिशेब. हे गणित एकदा हातानं केलेला पोरगा पुढं कुठल्याही राउटरवर शेपिंग-पोलिसिंग (जादा डेटा थोपवणं किंवा टाकणं) बघून गडबडत नाही. आणि लाइन विकायला आलेल्या माणसाला पहिलं हेच विचारतो की हमी किती ते बोला, जास्तीत जास्तचा आकडा नको.

शहापूर_बोळ
@निपाणीकर, टोकन बकेट, म्हणजे वेगावर मर्यादा घालायची नेहमीची पद्धत, शिकवलं की हे सगळं येतंय की वो, त्याला फ्रेम रिले लागतंय कशाला? आणि फ्रेम रिलेचं दुखणं कोण बोलूलालंच नाही. सगळ्या शाखा एकमेकींना थेट जोडायच्या म्हटलं तर ५ ठिकाणांना १० पीव्हीसी (दोन ठिकाणांतली कायमची जोडणी), १० ठिकाणांना ४५, आणि प्रत्येकीचं भाडं. म्हणून सगळे हब-स्पोक (सगळ्या शाखा एकाच मुख्य ठिकाणाला जोडायच्या) करायचे, म्हणजे चिकोडीहून निपाणीला जाणारा डेटा बेळगावला वळसा घालून. एमपीएलएसचा लेयर ३ व्हीपीएन आला, प्रोव्हायडरच राउटिंग बघायला लागला, प्रत्येक शाखेची एकच लाइन, कुणालाही कुणाशी बोलता येतंय. हा फरकच एवढा मोठा आहे की जुनं डोक्यात भरलेल्या पोराला नवीन उलटं अवघड जातं असं माझं मत.

उद्यमबाग_नेटवर्क
उलटं कसं? तुम्ही आत्ता एमपीएलएसचा फायदा सांगितला तो ४५ पीव्हीसींचा आकडा धरूनच सांगितला ना. ते दुखणं माहीत नसलेल्या पोराला एमपीएलएस म्हणजे नुसती पाठ करायची व्याख्या होते.

आणि लेबल बदलणं बघा. डीएलसीआय १० बिटांचा, त्याला अर्थ फक्त त्या एका लिंकपुरता, बेळगावच्या राउटरला १०२ दिसतो तर त्याच पीव्हीसीच्या दुसऱ्या टोकाला २०१ असू शकतो, मधला स्विच नंबर बदलत बदलत फ्रेम पुढं ढकलतो. एमपीएलएसचं लेबल २० बिटांचं, पण प्रत्येक टप्प्यावर बदलतं ते तसंच. ज्याला १०२ आणि २०१ चं गणित बसलं त्याला लेबल स्वॅपिंग वेगळं समजवायला लागत नाही, हे मी वर्गात बघूलालोय.

खानापूर_ओएसपीएफ
कुणी एनबीएमए, म्हणजे एका इंटरफेसवर अनेक शाखा पण सगळ्यांना एकदम सांगायची सोय नसलेलं नेटवर्क, याचा विषय काढला नाही म्हणून लिहितो. हब बेळगाव, स्पोक निपाणी आणि खानापूर, दोन्ही पीव्हीसी एकाच सिरियल इंटरफेसवर. निपाणीकडनं आलेला रूट त्याच इंटरफेसनं खानापूरला सांगायचा नाही असं स्प्लिट होरायझन म्हणतं, मग ईआयजीआरपीत (राउटर एकमेकांना रस्ते सांगायची सिस्कोची पद्धत) खानापूरला निपाणी दिसतच नाही. एकतर प्रत्येक पीव्हीसीला पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस (त्याच पोर्टचा वेगळा आभासी भाग) करा, नाहीतर हबवर स्प्लिट होरायझन बंद करा. आता @टिळकवाडी, तुम्ही डीएमव्हीपीएन (इंटरनेटवरनं हब-स्पोक टनेल) लावता ना? हबच्या टनेलवर ईआयजीआरपीचं स्प्लिट होरायझन बंद करायला लागतं ते याच कारणानं. एनएचआरपीच्या आउटपुटमध्ये एनबीएमए ॲड्रेस म्हणून छापून येतं तो शब्दही याच घरातला. फ्रेम रिलेत इन्व्हर्स एआरपी समोरच्याचा आयपी शोधायचं, डीएमव्हीपीएनमध्ये एनएचआरपी आयपीवरनं खरा पत्ता शोधतं.

टिळकवाडी_ते_पुणे
हे मात्र पटलं. आमच्याकडं नवीन पोरं ती कमांड कॉपी-पेस्ट करतात आणि का विचारलं की गप्प. पण मग शिकवा तेवढंच. डीएलसीआय, सीआयआर आणि हब-स्पोकचा गुंता, एका शनिवारी संपवा. एलएमआयचे सिस्को, आन्सी, क्यू९३३ए हे तीन प्रकार आणि एफईसीएन-बीईसीएन या गर्दीच्या खुणा काढून टाका.

उद्यमबाग_नेटवर्क
एलएमआयचे प्रकार काढतो, त्यावर भांडण नाही. बीईसीएन काढणार नाही. गर्दी झाली तर पॅकेट टाकायच्या आधी पाठवणाऱ्याला खूण करायची, हीच कल्पना पुढं आयपीत ईसीएन म्हणून २००१ ला आली.

शहापूर_बोळ
पण बीईसीएन राउटरपर्यंत यायचा आणि तिथंच राहायचा, पाठवणाऱ्या कॉम्प्युटरच्या टीसीपीला त्याचा पत्ता नसायचा. राउटरवर शेपिंग लावलं असलं तरच उपयोग. हे पण सांगणार असाल तर शिकवा. आणि फळ्यावर नको, जीएनएस३ (कॉम्प्युटरवर नेटवर्क चालवून बघायचं सॉफ्टवेअर) मध्ये फ्रेम रिले स्विच तयार मिळतो, तीन राउटर जोडून पोरांना आधी खानापूरचा रूट गायब झालेला दाखवा, सबइंटरफेस मग.

उद्यमबाग_नेटवर्क
येत्या शनिवारी तीच लॅब घेतो. तुम्ही बेळगावातच असाल तर या, मेशची (सगळ्या शाखा थेट जोडायच्या दुखण्याची) बाजू तुम्हीच मांडा पोरांपुढं.