भाषण मुलांचं, मग विषय आणि शब्द आपले का?

कृष्णाकाठ (सातारा)

जुलै संपत आला की पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो: "१ ऑगस्टसाठी टिळकांवर छोटं भाषण आहे का कुणाकडे? इयत्ता चौथी." पाच मिनिटांत पीडीएफ येते, व्हिडिओ येतो. आई ते वहीत उतरवून देते, मूल घोकतं आणि त्या दिवशी "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग" पासून शेंगांच्या टरफलांपर्यंत सगळं एका दमात म्हणून खाली बसतं. टाळ्या पडतात. टिळकांबद्दल त्याला स्वतःला काय वाटलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं: विषय मुलाने निवडावा आणि मोठ्यांनी भाषणाचं एकही वाक्य लिहून देऊ नये. आपलं काम प्रश्न विचारायचं आणि ऐकून घ्यायचं.

आमच्या वाचनालयात पाचवीतली एक मुलगी येते. स्पर्धेसाठी विषय विचारला तर म्हणाली, "पर्यावरण." पर्यावरणाला बक्षीस मिळतं हे मुलांना पक्कं माहीत असतं. मग विचारलं, "रोज तुला वैताग कशाचा येतो?" क्षणात उत्तर आलं, "पहाटे पाणी भरायला उठवतात त्याचा!" तिथून पुढे प्रश्न तिचेच. पाणी पहाटेच का सोडतात? वरच्या आळीला आधी आणि आम्हाला नंतर का? पाणी सोडणाऱ्या काकांना तिने रस्त्यातच गाठलं. त्यांनी आपली लांब लोखंडी चावी तिच्या हातात दिली, व्हॉल्व्ह फिरवू दिला आणि सांगितलं की सगळ्या आळ्यांचे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर चढावरच्या घरांना पाणी चढतच नाही. भाषणाच्या वेळी तिच्या हातात फक्त एक कार्ड होतं आणि त्यावर शब्द होते हंडा, चावी, टाकी, चढ, आजी. चावी कशी फिरते ते सांगताना तिचे दोन्ही हात आपोआप फिरत होते. हावभाव कुणी शिकवले नव्हते.

नंबर आला नाही. "विषय स्पर्धेला साजेसा नव्हता," असा शेरा मिळाला. त्यावर मला अजून राग आहे, म्हणून हा धागा.

जुना फळा

ताई, तळमळ पोचली, पण मत पटलं नाही. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. चौथीच्या मुलाकडे सांगण्यासारखं स्वतःचं असं किती असणार? आधी कानावर चांगली वाक्यं पडावीत, जिभेला 'ळ' आणि 'ण'चं वळण लागावं, कुठे थांबायचं आणि श्वास कुठे घ्यायचा ते कळावं. हे पाठांतरानेच होतं. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी अख्खा हरिपाठ तोंडपाठ केला, त्यांची भाषा काय कमी सकस होती?

शिवाय जयंती-पुण्यतिथीला औचित्य असतं. १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती. त्या दिवशी व्यासपीठावर नळाचं पाणी नको.

कृष्णाकाठ

सर, हरिपाठ घोकणाऱ्या बाईने तो 'माझं भाषण' म्हणून कधी सांगितला नाही. पाठांतराला माझा विरोध नाही. कविता पाठ करावी, उतारे पाठ करावेत, मोठ्याने म्हणावेत. पण दुसऱ्याने लिहिलेलं "मला असं वाटते की" पाठ करायला लावणं मला खटकतं.

आणि औचित्याचं म्हणाल तर १ ऑगस्टला टिळकच घ्या, पण त्यांच्यातलं काय सांगायचं ते मुलाला ठरवू द्या. माझ्या भाच्याला मंडालेचं कुतूहल होतं. १९०८ साली शिक्षा झाली, सहा वर्षं ब्रह्मदेशात ठेवलं आणि तिथे टिळकांनी 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहिलं, एवढं त्याला वाचून सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "पेन का देत नव्हते?" दुसरा, "एवढ्या लांब का नेलं?" नकाशा काढला, रत्नागिरीपासून मंडालेपर्यंत बोट फिरवलं. त्याचं भाषण पेन्सिलीवरच झालं. अण्णा भाऊंचंही तसंच. वाटेगावाहून चालत मुंबई गाठणाऱ्या मुलाबद्दल चौथीतल्या पोराला प्रश्न पडणार नाहीत?

गुरुजी, किनवट

ताई, तुमच्या वाचनालयात पुस्तकं आहेत आणि विचारायला तुम्ही आहात. माझ्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी गोंडी किंवा गोरमाटी बोलतात. प्रमाण मराठीत उभं राहून दोन वाक्यं बोलणं हाच त्यांच्यासाठी डोंगर असतो. त्यांना मी लिहून देतो, होय, देतो. दहा ओळी न अडखळता म्हणून आलेल्या मुलाचा चेहरा तुम्ही पाहायला हवा. 'विषय तुम्हीच निवडा' म्हटलं की ज्यांच्या घरी शिकलेले आईबाप आहेत त्यांचीच मुलं पुढे जातात. तयार भाषणाने निदान सगळे एका रेषेत येतात.

तालुका परीक्षक

गुरुजी, तुमच्या वर्गापुरतं खरं असेल, पण स्पर्धेच्या सभागृहात उलटं दिसतं. तयार भाषणं सगळ्यात चांगली लिहून मिळतात ती शिक्षकांच्याच मुलांना. एकदा माझ्यासमोर तीन वेगवेगळ्या शाळांची मुलं आली, तिघांचं भाषण एकाच व्हिडिओवरचं. शेवटची चारोळी तीच, आणि चारोळीच्या दुसऱ्या ओळीला तिघांचाही उजवा हात वर. मधे एक जण विसरला. अर्थ माहीत असता तर त्याने आपल्या शब्दांत पुढे रेटलं असतं, पण तो पुन्हा "अध्यक्ष महोदय"पासून सुरू झाला आणि घंटा वाजली. रडत उतरला बिचारा. पाठांतराने धीटपणा येतो म्हणतात, पण ओळ सुटली की त्या मुलाच्या हाती काहीच उरत नाही.

आणि 'मुलाकडे स्वतःचं काय असणार' याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ती विद्यार्थिनी. आपल्या लोकांवर काय बेतलंय ते तिने थेट मांडलं. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर पाठ केलेली भाषणं ऐकताना मला हटकून तीच आठवते.

डोंबिवलीकर आई

मला दोन्ही बाजू कळतात, पण आमचा अनुभव वाईट आहे. मुलाने स्वतः विषय निवडला: लोकलच्या डब्यात तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर कसं बसायचं. तयारी मनापासून केली, आजोबांबरोबर स्टेशनवर जाऊन बघून आला. वर्गात बाईंनी पहिल्याच वाक्याला हसून "दुसरा विषय आण" म्हटलं. त्यानंतर तो स्पर्धेचं नावच काढत नाही. मोठी माणसं तयार नसतील तर मुलाला असं पुढे ढकलणं मला क्रूर वाटतं. त्यापेक्षा छापील भाषण परवडलं, त्याला हसलं तर निदान मुलाला लागत नाही.

कृष्णाकाठ

वाचून फार वाईट वाटलं. पण ताई, यात चूक मुलाच्या विषयाची नाही हो. चौथी सीट हा मुंबईकरांच्या शेजारधर्माचाच विषय आहे! त्याला ते भाषण घरी, सोसायटीच्या गणपतीत करू द्या. शाळेचा स्टेज एकच स्टेज नसतो.

अटलांटापार

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलं इंग्रजी लिपीत लिहिलेलं मराठी भाषण वाचून पाठ करतात. अर्थ विचारला की खांदे उडवतात. मुलीला म्हटलं, तुला जे सांगायचंय ते मोडक्या मराठीत मला सांग, मी फोनवर रेकॉर्ड करते. मग तेच आम्ही ऐकलं आणि अडलेले शब्द तिने आजीला व्हिडिओ कॉलवर विचारून घेतले. भाषण छोटं झालं, व्याकरण चुकलं, पण सगळं तिचं होतं. गुरुजी, तुमच्या मुलांना आधी गोंडीतच सांगू दिलं तर?

गुरुजी, किनवट

हे करून बघण्यासारखं आहे. मोहाची फुलं वेचायला पहाटे जातात, त्याबद्दल ही मुलं गोंडीत थांबता थांबत नाहीत. पण तालुक्याला गोंडीत बोलणारं मूल चालणार का, ते परीक्षक साहेबांनीच सांगावं. तोवर माझ्या दहा ओळी मी सोडणार नाही.

जुना फळा

मुक्ता साळवेचं उदाहरण मान्य. पण तिला त्या शाळेत आधी लिहायला-वाचायला शिकवलंच होतं ना? पायाशिवाय कळस नाही. तिसरीपर्यंत पाठांतर, चौथीपासून तुमचे प्रश्न, इथपर्यंत मी येतो. याहून पुढे नाही.

तालुका परीक्षक

सर, इयत्तेची रेघ मला पटत नाही. पहिलीतलं पोर मधल्या सुट्टीतलं भांडण सांगतं तेव्हा आधी काय झालं, मग काय झालं, कोणी पाहिलं, सगळं क्रमाने सांगतं.

गुरुजी, गोंडीबद्दल: आमच्या नियमात 'भाषा मराठी' एवढंच आहे. सुरुवातीची दोन वाक्यं घरच्या भाषेत चालावीत, असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. त्याच बैठकीत गुणपत्रकही काढणार आहे. सध्या आशय, भाषा, सादरीकरण आणि वेळ असे रकाने आहेत. भाषण कुणाचं आहे हे त्यातल्या एकातूनही कळत नाही. भाषण संपल्यावर परीक्षकांनी एक साधा प्रश्न विचारायचा आणि उत्तराला दहा गुण, असा रकाना मला हवाय. लिहून दिलेल्या भाषणांचा जोर आपोआप कमी होईल.

डोंबिवलीकर आई

आणि लाजरी मुलं त्या प्रश्नाला गोठतील, त्याचं काय? माझा गोठेल.

तालुका परीक्षक

मग प्रश्न असा ठेवू की जो आधीपासून सगळ्यांना माहीत असेल: "हे तू कुणाला विचारून आलास?" तुमचा मुलगा आजोबांबरोबर स्टेशनवर गेला होता, त्याच्याकडे उत्तर आहे.