घरी पैशांची ओढाताण आहे. मला बरं नाही हे कसं सांगू?

वय २१, पदवीचं शेवटचं वर्ष. गेले अडीच महिने पहाटे साडेतीनला डोळे उघडतात ते पुन्हा मिटतच नाहीत. वाचलेलं पान परत वाचावं लागतं. अंघोळीला उठायचं म्हटलं तरी अर्धा तास पलंगाच्या कडेवर बसून जातो. कॉलेजला म्हणून निघते आणि वाचनालयाच्या मागच्या बाकावर बसून राहते. घरी कुणी विचारलं की "ठीक चाललंय".

न सांगण्याचं कारण एकच. बाबांची नोकरी गेल्या वर्षी गेली. मिळेल ते काम करतात, घराचे हप्ते थकलेत, धाकट्याची फी भरायचीय. रात्री बाहेरच्या खोलीतून कॅल्क्युलेटरच्या बटणांचा आवाज येतो. टक टक टक, मग थांबतो, मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. बेरीज तीच येत असणार, तरी करून बघतात. आईच्या चष्म्याची दांडी कित्येक महिने दोऱ्याने बांधलेली आहे. अशा घरात "मला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचंय" हे कुठल्या तोंडाने बोलू?

टोकाचं काही मनात नाही, काळजी नसावी. फक्त एवढं सांगा, बाबांचं बस्तान बसेपर्यंत थांबलं तर चालेल का?

प्रतिसाद १
थांबू नकोस. मी थांबलो होतो, म्हणून सांगतो.

माझं नैराश्याचं औषध सुरू झालं आणि त्याच सुमारास पगार रखडला. ही औषधं लागू पडायलाच काही आठवडे जातात. पाचव्या आठवड्यात जरा हायसं वाटलं, तसं मी "आता काय गरज" म्हणून गोळी बंद केली. बायकोला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. दोन-तीन दिवसांत चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चिडचिड. ते ओसरलं, पण तीन महिन्यांनी आजार उलटला तो पहिल्यापेक्षा वाईट. अकरा आठवडे बिनपगारी घरी होतो. गोळ्यांचे वाचवलेले पैसे त्यातल्या पहिल्याच आठवड्यात गेले. बरं वाटल्यावरही औषध साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात आणि बंद करताना हळूहळू कमी करतात, हे मी एका प्रश्नात विचारू शकलो असतो. "परवडत नाहीये" म्हणायची लाज वाटली, बस. नंतर तेच तोंडाने म्हटलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच औषधाचा स्वस्त जेनेरिक पर्याय लिहून दिला. दोन मिनिटांचं काम होतं.

प्रतिसाद २
मी दुसऱ्या बाजूची आहे, आई आहे. आम्ही कर्ज मुलापासून लपवलं, त्याने आजार आमच्यापासून लपवला. दोन वर्षं एका घरात आम्ही एकमेकांना "सगळं ठीक" सांगत होतो. मुलांना आकडे माहीत नसले तरी दाराआडची कुजबुज कळते, आणि ती आपल्यामुळेच चाललीय असं त्यांना वाटतं. माझ्या लेकाने तर स्वतःला घरातला खर्च समजायला सुरुवात केली होती. त्याने सांगितलं त्या रात्री मला पैशांचा विचार आलाच, खोटं कशाला बोलू. पण तो नंतर आला. आधी आला तो हाच की एवढे दिवस हा शेजारच्या खोलीत एकटा होता आणि मी दिवा बंद करून झोपत होते. बाळा, ही निवड तू आईबाबांच्या वतीने परस्पर करू नकोस. त्यांना करू दे.

प्रतिसाद ३
समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं व्यवहाराचं.

नैराश्य किती आहे ते तपासणारी "पीएचक्यू-९" नावाची प्रश्नावली आहे, २००१ पासून वापरात, भरायला फुकट. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. हे निदान नव्हे, पण घरी बोलताना हातात कागद असला की "जरा उदास वाटतं" एवढ्यावर विषय संपत नाही. सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून कर. थायरॉइडची कमतरता किंवा रक्तक्षय असला तरी असाच थकवा येतो, ते तपासून घेतील. कॉलेजात समुपदेशक असेल तर बहुधा पैसे लागत नाहीत. बाहेर जायची वेळ आली तर पहिल्याच भेटीत विचार: किती भेटी लागतील, फी कमी होईल का? विचारवर्तन उपचार, म्हणजे बोलण्यातून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे उपचार, साधारण १२ ते २० भेटींचे असतात, म्हणजे खर्चाला अंत असतो. आईबाबांना घाबरवतो तो न दिसणारा आकडा.

बोलताना पैशांपासून सुरू करू नकोस. आधी झोप, मग कॉलेज, मग वाचनालयाचं बाक. तोंडून निघत नसेल तर लिहून दे.

आणि नववा प्रश्न खरा भर. तो मरणाच्या विचारांबद्दल आहे. तू न विचारताच "टोकाचं काही नाही" लिहिलंस, म्हणून मुद्दाम सांगते. तिथे शून्य नसेल तर आजच, आत्ता, घरात कुणाला तरी उठव आणि रात्री एकटी राहू नकोस. स्वतःला काही करून घेशील असं वाटलं तर सरळ रुग्णालयात जा.

मूळ प्रश्नकर्ती
चार दिवसांनी लिहितेय. एकूण १९ आले.

नवव्या प्रश्नापाशी पेन बराच वेळ थांबलं. आधी ० केलं. मग खोडून १ केलं. इथे मी जे लिहिलं होतं ते खरं नव्हतं, माफ करा.

त्याच रात्री कॅल्क्युलेटरचा आवाज चालू असताना बाहेर गेले आणि कागद बाबांच्या वहीवर ठेवला. त्यांना वाटलं कॉलेजची फी. वाचत खाली गेले, खोडलेल्या शून्यापाशी बोट थांबलं. मग आवाज चढला, "अडीच महिने? आम्ही काय मेलो होतो?" आई उठून आली. मी रडले, तेही रडले, धाकटा दारात उभा. त्या रात्री आई माझ्या खोलीत झोपली, अजून झोपते. घरातल्या गोळ्यांचा डबा तिने स्वतःकडे घेतलाय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. रक्त दिलंय, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ गुरुवारी मिळालीय. पैशांचं बोलणं झालं, सोपं नव्हतं. धाकट्याची फी दोन हप्त्यांत भरता येईल का ते बाबा विचारणार आहेत. मला अजूनही अपराधी वाटतं, पहाटे जागही येते. फक्त आता जाग आली की आईला हलवायचं असं ठरलंय. काल हलवलं. ती चष्मा न लावताच उठून बसली.