रानडुकरापेक्षा खेकडे आणि बटेर बरे

बेळगावच्या खानापूरकडं रानडुकराचं मटण कुठं मिळेल, असं एकानं विचारलंय. माझं कळकळीचं सांगणं, त्या नादाला लागू नका. रानडुक्कर, ससा, भेकर, सांबर, सगळ्यांच्या शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, आणि मांस विकत घेणाराही त्यात अडकतो.

कायदा सोडा, फासा जनावर ओळखत नाही. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या आणि अस्वलंही अडकतात. भीमगड अभयारण्य याच तालुक्यात आहे. शिवाय रानडुकराच्या मांसात कृमी असू शकतात आणि त्याची कुठलीही तपासणी झालेली नसते.

वेगळी चव हवी असेल तर पावसाळ्यात शेताच्या बांधावरचे, ओढ्यातले खेकडे घ्या. नांग्या-पाय वाटून, गाळून घेतलेल्या पाण्याचा तिखट रस्सा आणि गरम भात! याला खरंच तोड नाही.

नाहीतर फार्मवरचे जपानी बटेर. एक पक्षी दीड-दोनशे ग्रॅमचा. चरबी कमी, त्यामुळं जास्त शिजवलं की कोरडं पडतं. दही-मिरचीत मुरवून मोठ्या आचेवर पटकन परता. फक्त विकणाऱ्याला फार्म कुठला ते विचारा, कारण रानातला लाव्हा, म्हणजे जंगली बटेर, पकडणंही गुन्हाच.