डीएमझेड चालू करण्याचा सल्ला घातक आहे

जळगाव (धागाकर्ता): घरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) बाहेरून दिसत नसेल, तर राउटरमध्ये डीएमझेड चालू करून मोकळे व्हावे, असा सल्ला काल येथे दिला गेला आणि तो वाचून मला राहवले नाही. डीएमझेड म्हणजे त्या यंत्राची सगळी दारे, म्हणजे पोर्ट, इंटरनेटसाठी सताड उघडी टाकणे होय. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रामने (मालवेअरने) जगभरातील असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. उघडायचेच असेल, तर वायरगार्ड या व्हीपीएनचे (सुरक्षित खासगी जोडणीचे) एकच यूडीपी पोर्ट उघडावे. ज्याच्याकडे त्याची किल्ली (गुप्त सांकेतिक संख्या) नाही, त्याला ते उत्तरच देत नाही.

रावेर: तो सल्ला माझा होता. केळीची गाडी भरायला मी पहाटेच शेतात जातो आणि घरी म्हातारी आई एकटी असते. आधी मी एकच पोर्ट फॉरवर्ड केले होते, म्हणजे त्यावर बाहेरून येणारी जोडणी डीव्हीआरकडे वळवली होती, पण वीज जाऊन आली की डीव्हीआरचा पत्ता १९२.१६८.१.५ चा १९२.१६८.१.८ होई आणि चित्र बंद पडे. तुमची किल्ली आम्हाला कोण बसवून देणार?

जळगाव: पत्ता बदलतो, तर डीएचसीपीमध्ये (राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या सोयीमध्ये) तो त्या यंत्राच्या नावे राखून ठेवावा. त्यासाठी डीएमझेड कशाला हवे?

भुसावळ: तुम्हा दोघांना निदान सार्वजनिक पत्ता मिळतो. माझ्या राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजेच सीजीनॅट: एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. तेथे पोर्ट फॉरवर्ड करून काहीही उपयोग नाही. जोडणी देणाऱ्याच्या माणसाने मात्र राउटरच खराब असल्याचे सांगितले आणि मी नवा विकत घेतला. हा राग अजून गेलेला नाही.

धुळे: आयपीव्ही४ चे (इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे) पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी, ते पुरणार कसे? आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत) मिळत असेल तर ते वापरा. तेथे फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या सोयीमध्ये) परवानगी दिली की पुरते.

भुसावळ: मिळत असेल तर! स्थिर पत्त्याचे वेगळे पैसे मागतात, त्यावर कोणीच का बोलत नाही?

जळगाव: तुमची तक्रार रास्त आहे, परंतु तिच्यामुळे डीएमझेड सुरक्षित ठरत नाही. सीजीनॅट असल्यास भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड ठेवून घरातून तिकडे जोडणी करता येते.

रावेर: काल रात्री डीव्हीआरची नोंदवही उघडली. अनोळखी पत्त्यांवरून ‘अ‍ॅडमिन’ नावाने लॉगिनचे प्रयत्न पानोपानी दिसले. डीएमझेड बंद केले आहे. तुमचा सूर अजूनही पटलेला नाही, पण किल्ली फोनमध्ये कशी घालायची ते सविस्तर लिहा.