मान आणि खांद्यांच्या दुखण्यावर व्यायाम : बडोदेकरांनो, तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती, रावपुरा

घरूनच जीएसटीची विवरणपत्रं भरायचं काम करते. दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीला मान अशी धरली की स्कूटरवर मागे वळून बघता येईना. दुपारनंतर डोक्याच्या मागच्या बाजूने कळ चढायची. मलम, शेक, नवी उशी सगळं झालं. मानेला आधार देणारा गळपट्टा (कॉलर) पंधरा दिवस वापरला. होता तोवर बरं वाटलं, काढल्यावर मान आणखीच दुबळी झाल्यासारखी वाटली.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा टेकल्या, पाठ टेकली, डोकं मात्र भिंतीपासून चार बोटं पुढेच. टेकवायला गेले की हनुवटी वर जायची. छातीचे आणि मानेच्या मागचे स्नायू आखडलेले, गळ्याच्या आतले आणि पाठीच्या मधले ढिले पडलेले, असं त्यांनी समजावलं. आखडलेल्या आणि ढिल्या स्नायूंच्या या फुलीला व्लादिमीर यांदा या चेक डॉक्टरांनी ‘अपर क्रॉस्ड सिंड्रोम’ असं नाव दिलं. म्हणूनच नुसतं ताणून भागत नाही, जे ढिले पडलेत त्यांना कामाला लावावं लागतं.

मला तीन व्यायाम दिले. पाठीवर झोपून, डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवून, होकार देताना जाते तेवढीच हनुवटी आत घ्यायची, डोकं उचलायचं नाही. 10 सेकंद धरायचं, असं 10 वेळा. दाराच्या चौकटीला दोन्ही कोपरं टेकवून एक पाऊल पुढे टाकायचं आणि छाती 30 सेकंद ताणायची. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून कोपरं मागे ओढायची. पहिले तीन आठवडे काही फरक नाही, सोडूनच देणार होते. सहाव्या आठवड्यात लक्षात आलं की डोकेदुखीची गोळी घेतल्याला दहा दिवस होऊन गेलेत.

तुम्ही काय केलंत? ज्याचा उपयोग झाला नाही तेही जरूर लिहा.

फाइन आर्ट्सचा विद्यार्थी

मी प्रिंटमेकिंग करतो. जस्ताचा पत्रा टेबलावर सपाट ठेवून तासन्‌तास त्यावर वाकायचो. व्यायाम सुरू केले, पण खरा आराम पडला तो पत्र्याखाली उतरती फळी लावल्यावर. आता फोनवर 25 मिनिटांचा गजर लावतो. वाजला की उठतो, खांदे मागे फिरवतो, खिडकीतून लांब बघतो. व्यायाम दिवसात दहा मिनिटं आणि वाकणं आठ तास, हा हिशेब जमणार कसा?

दांडिया बाजार, वय 68

माझं लहानपण श्री जुम्मादादा व्यायाम मंदिरात गेलं. ही 1880 सालची संस्था. ती नावारूपाला आणणाऱ्या प्रो. माणिकरावांच्या आठवणी आमच्या घरी आजोबा सांगायचे. जोर, बैठका, मलखांब आणि मुद्गल, म्हणजे व्यायामासाठी फिरवायचा लाकडी सोटा, हे सगळं तिथे शिकलो. बँकेत नोकरी लागली आणि सगळं सुटलं.

निवृत्तीनंतर मान दुखू लागली. एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली आणि मी घाबरून हालचालच बंद केली. सहा महिने शेजाऱ्याने हाक मारली तरी सगळं अंग वळवून बघायचो. मग एका डॉक्टरांनी नीट सांगितलं की या वयात अशी झीज कित्येकांच्या एक्स-रेत दिसते, दुखत नसलेल्यांच्यासुद्धा. त्या दिवशी जीव भांड्यात पडला.

फिजिओना विचारून माळ्यावरचा हलका मुद्गल काढला. डोक्यामागून फिरवताना खांद्याचा फरा कसा सरकतो ते अनेक वर्षांनी जाणवलं. सुरुवात दोन्ही हातांनी पाच-पाच फेऱ्यांची होती, आता तीस होतात. जोर मात्र बेताने घालतो. त्याने छाती भरते, पण पाठीलाही तेवढंच काम मिळायला हवं, असं माझं मत आहे. नातवालाही शिकवतोय.

वाडी, सात महिन्यांच्या बाळाची आई

बाळाला झोपाळ्यावर बसून पाजायचे. हाताला आधार नाही आणि नजर सतत खाली. आत्याबाईंनी भिंतीशी खुर्ची मांडली, मांडीवर दोन उशा दिल्या, म्हणाल्या, “बाळाला वर घे, तू खाली वाकू नकोस.” अर्धं दुखणं त्यानेच गेलं. बाकी बाळ झोपलं की भिंतीला पाठ लावून दोन्ही हात वर-खाली सरकवते. रोज जमत नाही.

मकरपुरा जीआयडीसी

मला व्यायामाने गुण आला नाही. हनुवटी आत घेतली की उजव्या हाताला मुंग्या जास्त यायच्या. तरी ‘सवय होईल’ म्हणून महिनाभर रेटलं. मग हातातून पाना निसटू लागला. एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेल्याचं निघालं. कोणी आधी सांगितलं असतं तर महिना वाया गेला नसता.

फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी

मकरपुऱ्याच्या दादांचा अनुभव सगळ्यांनी पुन्हा वाचा. व्यायामाने दुखणं मानेतून हाताकडे उतरत असेल तर थांबायचं. हाताची पकड सैल होणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, दुखण्याबरोबर ताप, किंवा पडल्यानंतर सुरू झालेली मानदुखी, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणखी एक. मान 60 अंश वाकली की तिच्यावर 27 किलोचा भार येतो, हा आकडा घरोघरी पोचलाय. तो 2014 साली संगणकावर केलेल्या गणिताचा आहे. वाकून बसणाऱ्या अनेकांची मान कधीच दुखत नाही. त्यामुळे दिवसभर ताठ बसायचा ताण घेऊ नका, बैठक बदलत राहा. आणि ताकदीचे व्यायाम निदान सहा ते बारा आठवडे करा. माझ्याकडे येणारे बरेच जण तिसऱ्या आठवड्यात, दुखणं जरा कमी झालं की, येईनासे होतात.

वाडी, बाळाची आई

रावपुऱ्याच्या ताई, रबरी पट्टा कोणता घेतलात? दुकानात चार रंगांचे दाखवले.

धागाकर्ती

मी पिवळ्याने सुरुवात केली, त्या संचात तो सगळ्यांत हलका होता. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, तेव्हा दुकानात ओढून बघा. खांदे कानांकडे न चढता पंधरा वेळा सहज ओढता आला तर तो तुमचा. आणि रोज नाही जमलं तरी आठवड्यातून तीनदा करा, मीही तेवढंच करते.