वागळे इस्टेटमधले काका

‘फौजी माणसाला धंदा कसा जमला?’ असं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या काकांबद्दल लोक विचारतात. मी ठाण्यातच, नौपाड्यात त्यांच्या शेजारी वाढलो, म्हणून लिहितो.

काका मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. १९७१ च्या युद्धात, १० डिसेंबरच्या रात्री, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरहून ढाक्याकडे निघालेल्या पाकिस्तानी तुकडीची वाट याच पलटणीने अडवली. त्या रात्रीबद्दल काका बोलत नसत. १० डिसेंबरला मात्र दरवर्षी कडक उपास. कारण विचारायची आमची कधी छाती झाली नाही.

निवृत्तीनंतर वागळे इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा आणि धातू कातायची दोन जुनी लेथ मशिनं. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, लावून स्वतः तपासल्याशिवाय एक बुश (यंत्रातला नळीसारखा भाग) बाहेर जात नसे. मंदीत ऑर्डरी आटल्या, काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या, पण कामगारांचा पगार सात तारखेलाच झाला. धंदा जमला तो असा!

संध्याकाळी काकूंबरोबर तलावपाळीची, म्हणजे मासुंदा तलावाकाठची फेरी ठरलेली. पुढे काकूंना चालवेना, तर व्हीलचेअर ढकलत न्यायचे, कोपिनेश्वराच्या देवळापाशी थांबून गजरा घ्यायचे.

परवा मुलीने गाळा उघडला. मायक्रोमीटर तेलाचा हात फिरवून डबीत ठेवलेला होता.