इटलीची मोहीम: पोट मऊ होतं की नुसती हाडं?

पाऊलवाट (धागाकर्ता):
परवा मित्रांत दुसऱ्या महायुद्धावर गप्पा रंगल्या. स्टालिनग्राड झालं, नॉर्मंडी झालं, डंकर्कवर तर अर्धा तास गेला. इटलीचं नाव कुणी काढलं नाही. घरी आल्यावर वाटलं, ती मोहीम विसरण्याच्याच लायकीची होती का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. १९४३ च्या शरदात दक्षिण इटलीतलं नेपल्स बंदर आणि फोज्जाचे विमानतळ हातात आले, तिथेच दोस्त राष्ट्रांनी (ब्रिटन, अमेरिका वगैरे) थांबायला हवं होतं. पुढच्या दीड वर्षात जे झालं ती माणसांची नासाडी होती.

ऑगस्ट १९४२ मध्ये मॉस्कोत चर्चिलने स्टालिनला मगरीचं चित्र काढून दाखवलं. जबड्यावर कशाला मारता, पोट मऊ असतं, तिथे घाव घालू. चित्र झकास होतं, पण इटलीचा नकाशा कुणी नीट पाहिला होता का? मधोमध अपेनाइन्सचा कणा आणि त्यातून दोन्ही समुद्रांकडे उतरणाऱ्या नद्या. दक्षिणेकडून वर चढणाऱ्या सैन्याला प्रत्येक नदी आडवी. सांग्रो ओलांडली की मोरो, मोरो ओलांडली की ऑर्तोना गावात घराघरातून लढाई. भर पावसात आपल्याकडचा एखादा घाट चढून माथ्यावर पोहोचावं आणि समोर तसलीच दुसरी रांग दिसावी, तसा प्रकार. जर्मन सेनानी रोमेल म्हणत होता, उत्तरेकडे मागे या. दुसरा जर्मन सेनानी केसलरिंग म्हणाला, इथेच दक्षिणेत अडवतो. हिटलरने शेवटी केसलरिंगचं ऐकलं, आणि केसलरिंगने शब्द खरा केला.

रोमच्या वाटेवरच्या कसिनोला जानेवारी ते मे १९४४ चार लढाया लागल्या. १५ फेब्रुवारीला डोंगरावरचा मठ बॉम्बने पाडला. मग जर्मन छत्रीधारी त्याच ढिगाऱ्यात जाऊन बसले. उभ्या भिंतीपेक्षा पडकी भिंत चांगला आडोसा देते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही? याला रणनीती म्हणायचं असेल तर म्हणा.

तोफखाना गल्ली:
पाऊलवाट, लिहिलंय छान, पण तुम्ही १९४५ मध्ये उभे राहून १९४३ ला नावं ठेवताय. त्या वर्षी दोस्तांकडे दुसरं रणांगण होतं कुठे? फ्रान्समध्ये उतरायची तयारी झालेली नव्हती. रशिया एकटा मरत होता. आफ्रिकेतलं सैन्य वर्षभर वाळूत बसवून ठेवायचं का?

आणि मिळालं काय ते मोजा. १० जुलैला सिसिलीत उतरले, २५ जुलैला मुसोलिनी पडला, ८ सप्टेंबरला इटलीची शरणागती जाहीर. रशियातल्या कुर्स्कची चढाई थांबवताना हिटलरने सिसिलीचं कारण दिलं होतं. ग्रीस आणि बाल्कनमध्ये पहाऱ्यावर असलेलं इटालियन सैन्य एका रात्रीत गेलं, ती जागा जर्मनांना स्वतःच्या पलटणींनी भरावी लागली. फोज्जाहून उडालेली अमेरिकन विमानं रोमानियातल्या प्लोएश्तीच्या तेलावर जाऊन पडली. नंतर विसेक जर्मन डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) इटलीत अडकून राहिल्या. यातल्या दहा जरी जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत असत्या तर?

पाऊलवाट:
तुमच्या यादीतलं निम्मं मी पहिल्याच पोस्टमध्ये मान्य केलंय. मुसोलिनी, शरणागती, फोज्जा हे सगळं १९४३ च्या ऑक्टोबरपर्यंत पदरात पडलं होतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आणि ‘अडकून राहिल्या’ म्हणजे कुणी कुणाला अडकवलं? दोस्तांच्याही जवळपास तेवढ्याच डिव्हिजन तिथे होत्या, शिवाय त्यांची विमानं आणि त्यांची जहाजं. म्हैस खुंटीला बांधायची म्हणून आपणही दिवसभर तिचं दावं धरून बसायचं, आणि वर सांगायचं की म्हैस अडकवली.

नकाशेवाली:
म्हशीचं उदाहरण आवडलं, पण ते बसत नाही. दोन्ही बाजूंच्या डिव्हिजन सारख्या मोजून चालत नाही. जर्मन डिव्हिजन आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून रेल्वेने फ्रान्सला गेली असती. तीच दोस्त डिव्हिजन इटलीतून काढायची तर आधी जहाजात चढवायची आणि मग कुठेतरी किनाऱ्यावर उतरवायची. अडचण माणसांची नव्हतीच. थेट वाळूवर रणगाडे उतरवणारी जहाजं कमी होती. तीच रोमच्या दक्षिणेला अँझिओच्या किनाऱ्यावर लागत होती, तीच नॉर्मंडीला, तीच दक्षिण फ्रान्सला. म्हणून तर दक्षिण फ्रान्सची मोहीम नॉर्मंडीबरोबर व्हायची ती १५ ऑगस्टपर्यंत लांबली. नॉर्मंडीसाठी अनुभवी सात डिव्हिजन १९४३ च्या शेवटी इटलीतून काढून घेतल्याच होत्या. उरलेलं सैन्य तिथे न लढतं तर नुसतं बसून राहिलं असतं.

पण पाऊलवाट यांच्या बाजूने एक मुद्दा मीच देते, तो त्यांच्याकडून सुटलाय. खरी चूक कसिनोची नाही, २५ मे १९४४ ची आहे. इटलीतल्या दोस्त सैन्याचा इंग्रज सेनापती अलेक्झांडर, त्याची योजना साधी होती. ११ मेला दक्षिणेकडून जोराचा धक्का द्यायचा, आणि अँझिओत चार महिने अडकलेलं सैन्य बाहेर पडून वाल्मोन्तोनेला माघारीचा रस्ता कापणार. माघार घेणारं जर्मन दहावं सैन्य चिमट्यात. पहिला भाग उत्तम झाला. जिथून कुणी जाऊ शकणार नाही असं सगळे म्हणत होते त्या आउरुंची डोंगरांतून जनरल ज्युअँचे फ्रेंच आणि मोरोक्कन सैनिक गेले, १८ मेला पोलिश सैनिक मठात पोहोचले. आणि ऐन वेळी अमेरिकन जनरल मार्क क्लार्कने बहुतेक फौज रोमकडे वळवली. ४ जूनला रोम मिळालं. व्हीटिंगहॉफचं दहावं सैन्य उत्तरेकडे निसटलं. दोनच दिवसांत नॉर्मंडी झाली आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून रोम गेलंही!

म्हणजे मोहीम चुकीची नव्हती, हातातोंडाशी आलेला घास एका सेनापतीने फोटोसाठी सोडला.

तोफखाना गल्ली:
नकाशेवालीताई, ‘फोटोसाठी’ जरा जास्त झालं. क्लार्कच्या सैन्याने १९४३ मध्ये सालेर्नोला उतरल्यापासून मार खाल्लेला होता, आणि चिमटा लागला तरी डोंगरातल्या आडवाटांनी बरेच जर्मन निघून गेले असते, असं मानणारे आहेतच. बाकी मान्य.

पाऊलवाट:
त्यांना निसटू दिलं, तेच सैन्य मग गॉथिक लाइनवर, म्हणजे उत्तरेतल्या जर्मन बचावफळीवर, पुन्हा समोर. आणि दोस्तांनी केलं काय? जुलै-ऑगस्टमध्ये आणखी सात डिव्हिजन काढून दक्षिण फ्रान्सला धाडल्या, त्यात डोंगरात सर्वांत चांगले लढणारे फ्रेंचही गेले. एवढं करून २५ ऑगस्टला उरलेल्यांनी गॉथिक लाइनवर हल्ला चढवला. लढायचं तर पुरेसं सैन्य ठेवा, नसेल ठेवायचं तर लढू नका. ल्युब्लियानाच्या खिंडीतून व्हिएन्ना गाठायची इंग्रजांची स्वप्नं वेगळीच, अमेरिकनांनी त्यांना कधी भाव दिला नाही. सप्टेंबरात रिमिनी मिळालं, मग पाऊस सुरू झाला, पुढे सगळा चिखल.

माणगावकर:
वाचतोय. एक सांगू का? आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. लहानपणापासून येताजाता पाहिलेला. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. मशीनगनच्या एका फैरीत त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, हे एकटे उरले. धावत जाऊन हातबॉम्ब टाकला, मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनेच हाणून मारलं. मग दुसरीकडून गोळ्या आल्या आणि ते तिथेच गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

तारीख बघा. रोम पडून महिना झाला होता, नॉर्मंडीही सुरू झाली होती. पाऊलवाट म्हणतात त्या ‘थांबायला हवं होतं’च्या नऊ महिने पुढची ही गोष्ट. मला तुमच्या डिव्हिजनांचं फार कळत नाही, पण ‘नासाडी’ हा शब्द जरा टोचला.

पाऊलवाट:
माणगावकर, टोचला असेल तर माफ करा. पण त्यांच्या शौर्याला मी नासाडी म्हटलेलं नाही. ज्यांनी त्यांना तिथे पाठवलं त्यांच्या निर्णयाला म्हटलंय. यशवंतराव मोठे होते म्हणून अलेक्झांडरचा नकाशा बरोबर ठरत नाही.

कृष्णाकाठ:
आणि पाठवलं कुणी, तेही बोला की. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती. आमच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. त्याच जिल्ह्यातली पोरं बेळगावच्या मराठा सेंटरमधून इटलीला. एका घरातला एक भाऊ इंग्रजाच्या पगारावर आणि दुसरा इंग्रजापासून लपून, हे आमच्या भागात नवल नव्हतं. तुमच्या जमाखर्चात ही नोंद कुठल्या रकान्यात घालणार?

तोफखाना गल्ली:
मोठा विषय आहे, वेगळा धागा काढा, तिथे येतो. इथे नको, नाहीतर सगळंच भरकटेल.

पाऊलवाट, तुमच्या हिशोबाने एप्रिल १९४५ चा हल्लाही फुकटच ना? बर्लिन पडायच्या बेतात होतं.

पाऊलवाट:
हो, तो तर सर्वांत जास्त. मार्चपासून एसएसचा जनरल वोल्फ स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याच्या ॲलन डलेसशी शरणागतीची गुप्त बोलणी करत होता. तरी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर हल्ला.

नकाशेवाली:
बोलणी चालू होती, शरणागती नव्हे. वोल्फ तयार असला तरी पलटणी व्हीटिंगहॉफच्या हाताखाली होत्या, आणि सही झाली ती २९ एप्रिलला, जर्मन सैन्य पो नदीच्या दक्षिणेला मोडल्यावर. अवजड तोफा आणि गाड्या त्यांना पोच्या काठावर टाकून जावं लागलं होतं. सेनिओवर धक्का बसला नसता तर सही कशाला केली असती?

बोलोन्याहून:
उशिरा लिहितोय, इथे नोकरीला आहे. तुमचा धागा वाचून रविवारी सेनिओ बघून आलो. आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील, इतकी चिंचोळी. पण दोन्ही काठांना पुराचे बांध आहेत, दोन-तीन मजली घराएवढे उंच आणि सरळसोट उताराचे. जर्मनांनी बांधाच्या पोटात भुयारं खणून मशीनगनी बसवल्या होत्या, त्या वरून दिसायच्या नाहीत. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, पहिल्या मराठा बटालियनचे, कंपनीचे निरोप्ये. जखमी झालेल्या एका सोबत्याला त्यांनी पाण्यातून पाठीवर घेऊन बांध चढून सुरुंगातून पार केलं, मग परत जाऊन दुसऱ्या जखमीला आणलं, आणि त्यानंतर तीन मशीनगनची ठाणी उडवली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची गर्जना करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. मी हात मोकळे, कोरडा दिवस, तरी बांध चढताना दोनदा घसरलो.

माणगावकर, मोन्तोने गावात यशवंत घाडग्यांच्या नावाने २०२३ मध्ये सूर्यघड्याळ उभारलंय. पुढच्या महिन्यात जाणार आहे, फोटो टाकतो.

माणगावकर:
टाका. पुतळ्याचा मी इथून टाकतो.